ग्रेस हॉपर : यंत्रास भाषा शिकविणारी विदुषी

विद्या संपादन करणें कठीण आहे खरें. परंतु संपादन केलेली विद्या दुसऱ्याच्या सहज उपयोगीं पडेल अशा रीतीनें मांडून ठेवणें हें त्याहूनही कठीण आहे. जगांत विद्वान् पुष्कळ झाले. पण आपल्या भांडाराची किल्ली सर्वांच्या स्वाधीन करणारे थोडेच. आज आमच्या शाळेंतील विद्यार्थी संगणकासमोर बसून चार ओळी लिहितो, आणि यंत्र मुकाट्यानें त्याची आज्ञा पाळतें. त्या ओळी यंत्राच्या भाषेंतल्या नसतात. त्या माणसाच्या भाषेच्या जवळच्या असतात. मध्यें एक दुभाषी काम करीत असतो. त्यास कंपायलर म्हणतात, आणि आपल्या मराठींत त्यास संकलक असें नांव आहे. या दुभाष्याचा पाया ज्यांनीं घातला त्यांत ज्यांची गणना अग्रभागीं होते, त्या ग्रेस हॉपर या अमेरिकन विदुषीचें चरित्र आम्ही या अंकीं आमच्या विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस सादर करीत आहों.

ग्रेस ब्रूस्टर मरे हिचा जन्म ता. ९ डिसेंबर १९०६ रोजीं न्यूयॉर्क शहरीं झाला. तीन भावंडांत ती थोरली. वडील वॉल्टर मरे हे विम्याचा व्यवसाय करीत. आई मेरी हिला गणिताची मोठी गोडी होती; परंतु त्या काळीं मुलीनें त्या विषयांत फार पुढें जाण्याची चाल नसल्यामुळें तिची हौस अपुरीच राहिली. आजोबा जमीन-मोजणीचें काम करीत. त्यांच्याबरोबर जाऊन मोजणीची काठी धरून उभें राहणें हा लहान ग्रेसचा आवडता उद्योग होता. पणजोबा अमेरिकेच्या आरमारांत रिअर ॲडमिरलच्या हुद्द्यापर्यंत चढले होते.

सात वर्षांची असतांना गजराचें घड्याळ कसें चालतें हें पाहण्याची तिला इच्छा झाली. तिनें एक घड्याळ उघडलें. तें पुन्हां जुळेना, म्हणून दुसरें उघडून पाहिलें. आणि असें करतां करतां घरांतील सात घड्याळांचे सुटे भाग जमिनीवर पसरले. आईनें तिची जिज्ञासा मारली नाहीं. यापुढें एकाच घड्याळावर प्रयोग करावे, एवढीच मर्यादा घातली. आमच्या पालक-वाचकांनीं या मातेचें धोरण अवश्य लक्षांत ठेवावें. पुढें वडिलांचे दोन्ही पाय शस्त्रक्रियेनें कापावे लागले. आपल्या मागें मुलींस स्वतःच्या बळावर उभें राहतां यावें म्हणून, मुलाइतकेंच शिक्षण मुलींनाही देण्याचा त्यांनीं आग्रह धरला.

तथापि मार्ग निष्कंटक नव्हता. व्हासार या प्रसिद्ध महिला-महाविद्यालयाच्या प्रवेशासाठीं दिलेल्या परीक्षेंत सोळा वर्षांची ग्रेस लॅटिन विषयांत नापास झाली, व तिला एक वर्ष थांबावें लागलें. पुढल्या वर्षीं प्रवेश मिळाला. गणित व पदार्थविज्ञान हे विषय घेऊन ती १९२८ मध्यें पदवीधर झाली. १९३० मध्यें येल विद्यापीठाची एम्. ए. आणि १९३४ मध्यें तेथलीच गणितांतील पीएच्. डी. ही पदवी तिनें मिळविली. १९३० मध्यें व्हिन्सेंट हॉपर यांच्याशीं तिचा विवाह झाला. हा विवाह १९४५ मध्यें संपुष्टांत आला. पण हॉपर हें नांव तिनें जन्मभर ठेविलें, म्हणून आम्हीही येथून पुढें त्यांस हॉपरबाई असेंच म्हणूं. १९३१ पासून त्या व्हासार येथें गणित शिकवीत होत्या.

डिसेंबर १९४१ मध्यें पर्ल हार्बरवर हल्ला झाला व अमेरिका दुसऱ्या महायुद्धांत उतरली. हॉपरबाईंनीं आरमारांत दाखल होण्याची खटपट आरंभिली. वय अधिक, वजन ठरलेल्या मर्यादेहून सुमारें १५ पौंड कमी, आणि गणिताचें अध्यापन हेंच युद्धोपयोगी कार्य म्हणून गणलेलें; या कारणांनीं त्यांस नकार मिळाला. त्या हटल्या नाहींत. वजनाची अट शिथिल करून घेऊन डिसेंबर १९४३ मध्यें त्या आरमाराच्या राखीव दलांतील महिला-विभागांत शिरल्या, प्रशिक्षणांत पहिल्या आल्या, आणि जुलै १९४४ मध्यें हार्वर्ड विद्यापीठांत हॉवर्ड एकन यांच्या हाताखालीं रुजू झाल्या.

तेथें त्यांची मार्क १ या प्रचंड गणकयंत्राशीं गांठ पडली. त्याची लांबी ५१ फूट, उंची ८ फूट, वजन सुमारें ५ टन. एका सेकंदांत तें तीन बेरजा करी, आणि त्या काळीं ही गति आश्चर्याची वाटे. यंत्रास द्यावयाच्या आज्ञा कागदी फितीवर छिद्रें पाडून द्याव्या लागत. कोणतें छिद्र कोठें पाडावयाचें हें माणसानेंच ठरवावयाचें. एक छिद्र चुकलें कीं सारा हिशेब चुकला. युद्धाचे दिवस असल्यामुळें यंत्र रात्रंदिवस चाले. एकन यांच्या आज्ञेवरून हॉपरबाईंनीं या यंत्राची संपूर्ण माहिती देणारें ५६१ पानांचें पुस्तक सिद्ध केलें. तें १९४६ मध्यें प्रसिद्ध झालें.

या कामांत एक गोष्ट त्यांच्या ध्यानीं आली. कांहीं हिशेब पुनः पुनः लागत. अशा हिशेबांच्या तपासून सिद्ध झालेल्या आज्ञा सहकारी आपापल्या वह्यांत टिपून ठेवीत, आणि गरज पडेल तेव्हां एकमेकांच्या वह्यांतून उतरून घेत. परंतु उतरतांना एक अक्षर दुसऱ्यासारखें वाचलें जाई. आणि साठवणीच्या जागांचे क्रमांक नव्या कामाप्रमाणें बदलतांना बेरजा चुकत. नक्कल करणें व बेरीज करणें या दोन कामांत माणूस हटकून चुकतो, आणि नेमकीं हींच दोन कामें यंत्र बिनचूक करतें! मग हा भार यंत्रावरच कां टाकूं नये? पुढच्या सर्व कार्याचें बीज या साध्या प्रश्नांत होतें.

हॉपरबाईंविषयीं प्रचलित असलेली एक आख्यायिका येथें नीट करून सांगितली पाहिजे. ता. ९ सप्टेंबर १९४७ रोजीं मार्क २ या यंत्राच्या एका रिलेंत अडकलेला पतंग सांपडला. तो यंत्राच्या नोंदवहींत चिकटवून ठेवण्यांत आला, व ती वही आज वॉशिंग्टन येथील स्मिथसोनियन संग्रहालयांत आहे. यंत्रांतील दोषास किडा म्हणण्याची चाल बाईंनींच पाडली असें पुष्कळ लोक समजतात. पण तो शब्द इंजिनिअर लोकांत त्यापूर्वींच रूढ होता. बाईंनीं ती गोष्ट रसाळपणें सांगून सर्वतोमुखीं केली, इतकेंच.

१९४९ हें वर्ष त्यांस कठीण गेलें. हार्वर्ड येथील नेमणूक संपली. युद्धकाळांतील अविश्रांत श्रम, मोडलेला संसार आणि पुढील अनिश्चितता यांच्या ओझ्याखालीं त्या मद्याच्या आहारीं गेल्या होत्या. मित्रांनीं त्यांस स्पष्ट शब्दांत सावध केलें, आणि त्यांच्या आधारानें व कामाच्या ओढीनें त्या सांवरल्या. थोरांच्या चरित्रांतील अशीं पानें फाडून टाकण्याची कित्येकांस संवय असते. आम्हांस तें योग्य वाटत नाहीं. पडलेला माणूस उठतो आणि त्याचें सर्वांत मोठें कार्य त्यानंतर घडतें, हें आमच्या वाचकांस कळलें पाहिजे.

त्याच वर्षीं त्या फिलाडेल्फिया येथील एकर्ट व मॉक्ली यांच्या कंपनींत दाखल झाल्या. तेथें युनिव्हॅक नांवाचें नवें यंत्र तयार होत होतें. ही कंपनी पुढल्याच वर्षीं रेमिंग्टन रँड या मोठ्या कंपनीनें विकत घेतली. युनिव्हॅकच्या स्मृतींत एक हजार शब्द मावत, आणि चुंबकीय फितींवर पुष्कळ मजकूर सांठवून ठेवतां येई. ऑक्टोबर १९५१ ते मे १९५२ या अवधींत हॉपरबाईंनीं आपला पहिला संकलक सिद्ध केला. त्याचें नांव ए-० असें होतें.

त्याची रीत समजावयास सोपी आहे. ग्रंथालयांत आपण ग्रंथपालास पुस्तकाचा क्रमांक देतों, आणि तो कपाटांतून तें पुस्तक आणून देतो. तसेंच बाईंनीं तपासून सिद्ध झालेल्या प्रत्येक लहान आज्ञावलीस एक क्रमांक दिला व त्या सर्व चुंबकीय फितीवर नोंदविल्या. आतां गणितज्ञानें कोणते क्रमांक कोणत्या क्रमानें हवे, आणि कोणते आंकडे त्यांस पुरवावयाचे, एवढेंच लिहून द्यावयाचें. संकलक फितीवरून तीं तीं प्रकरणें शोधी, जागांचे क्रमांक बेरजा करून बदली, आणि सर्व एकत्र जोडून अखंड आज्ञावली तयार करी. अनेक ठिकाणांहून वेंचून एकत्र करणें हाच कंपाइल या इंग्रजी शब्दाचा अर्थ. म्हणून त्यास कंपायलर हें नांव पडलें. आमचा संकलक हा शब्दही तोच अर्थ सांगतो.

यांत एक अडचण होती, आणि ती कशी सुटली हें आमच्या खेळाडू विद्यार्थ्यांस विशेष आवडेल. संकलक आज्ञा एकदांच, आरंभापासून शेवटपर्यंत वाचीत जाई. मागच्या ठिकाणीं उडी मारावयाची असेल तर तें ठिकाण माहीत असे. पण पुढें उडी मारावयाची असेल, तर पुढला भाग अजून मांडलाच नसल्यामुळें त्याचा पत्ता कोठून मिळणार? बाई महाविद्यालयांत बास्केटबॉल खेळत. त्या काळच्या मुलींच्या नियमांप्रमाणें चेंडू घेऊन पुढें धांवत जातां येत नसे. म्हणून खेळाडू चेंडू सोबतिणीकडे टाकी, आपण पुढें धांवे, आणि तेथें तिच्याकडून चेंडू परत घेई. बाईंनीं हीच युक्ति योजिली. स्मृतीच्या शेवटीं त्यांनीं एक राखीव कोपरा ठेविला. पुढची उडी आली कीं आज्ञा तात्पुरती त्या कोपऱ्याकडे पाठवावयाची व खूण करून ठेवावयाची. पुढें तो भाग मांडला गेला कीं त्याचा खरा पत्ता कोपऱ्यांत लिहावयाचा. क्रीडांगणावरचें शिक्षण असें प्रयोगशाळेंत कामास आलें.

आपलें यंत्र चालतें हें दाखवूनही लोकांचा विश्वास बसेना. गणकयंत्र फक्त अंकगणित करतें, तें आज्ञावली कशी लिहील, असें म्हणणारे पुष्कळ निघाले. यंत्राची गूढ लिपि जाणणारे मूठभर लोक होते. आपली विद्या सर्वांस सुलभ झाली तर आपली प्रतिष्ठा कमी होईल, अशीही भीति त्यांतील कांहींस वाटली असावी. बाईंनीं वाद घालण्यापेक्षां काम पुढें नेलें. १९५३ मध्यें ए-२ हा सुधारलेला संकलक तयार झाला. तो ग्राहकांस देतांना त्याच्या आंतील मूळ रचनाही देण्यांत आली, आणि कोणी सुधारणा केल्यास ती कळवावी असें सुचविण्यांत आलें. आज जगभर जी मुक्त आज्ञावलींची परंपरा नांदत आहे, तिचें हें एक आरंभींचें उदाहरण होय.

यापुढें त्यांच्या मनानें आणखी एक झेप घेतली. व्यापारी कचेरींत काम करणाऱ्या माणसास गणिताचीं चिन्हें परकीं वाटतात. तो शब्दांत विचार करतो. मग त्यानें शब्दांतच आज्ञा कां लिहूं नयेत? वरिष्ठांनीं ही कल्पना अशक्य ठरविली. तेव्हां बाईंनीं एक लहानसा नमुना तयार करून दाखविला. त्यांत इंग्रजी आज्ञा होत्याच. शिवाय त्याच आज्ञा फ्रेंच व जर्मन शब्दांतही देऊन यंत्र तेंच काम करतें, हेंही त्यांनीं दाखविलें. यंत्रास सर्व भाषा सारख्याच, हें सिद्ध करण्याचा हेतु होता. पण फिलाडेल्फियांत बनलेल्या अमेरिकन यंत्रास फ्रेंच व जर्मन कळतें हें पाहून वरिष्ठ मंडळी उलट दचकली, आणि बाईंस पुढें इंग्रजीपुरतेंच काम करण्याचें वचन द्यावें लागलें! या प्रयत्नांतून फ्लो-मॅटिक नांवाची भाषा निघाली. १९५९ मध्यें सरकार व निरनिराळ्या कंपन्या यांच्या प्रतिनिधींनीं एकत्र येऊन सर्व यंत्रांवर चालेल अशी व्यापारी भाषा घडविण्याचें ठरविलें. हॉपरबाई त्यांत सल्लागार होत्या, आणि फ्लो-मॅटिकचा मोठा ठसा त्या नव्या भाषेवर उमटला. तीच कोबोल होय. डिसेंबर १९६० मध्यें एकच कोबोल आज्ञावली दोन भिन्न कंपन्यांच्या यंत्रांवर चालवून दाखविण्यांत आली.

सर्व श्रेय एकाच माणसास देणें मात्र न्याय्य होणार नाहीं. केंब्रिज येथें विल्क्स, व्हीलर व गिल यांनीं लहान आज्ञावलींचा संग्रह बाळगण्याची पद्धति १९५१ मध्येंच पुस्तकरूपानें मांडली होती. बेटी होल्बर्टन यांनीं युनिव्हॅकसाठीं स्वतः आज्ञावली तयार करणारी योजना आधींच रचली होती, आणि बाई त्यांचें ऋण मानीत. मँचेस्टर येथें ॲलिक ग्लेनी यांनीं १९५२ मध्यें असाच प्रयत्न केला. जॉन बॅकस व त्यांचे सहकारी यांची फोर्ट्रान ही भाषा १९५७ मध्यें बाहेर आली. कोबोल तर अनेकांच्या श्रमांचें फळ आहे. ए-० हा आजच्या अर्थानें पूर्ण संकलकही नव्हता; जोडणी करणाऱ्या साधनांशीं त्याचें साम्य अधिक. परंतु केलेलें काम सांठवून तें यंत्राकडूनच जोडून घ्यावें, हा विचार हॉपरबाईंनीं जितक्या चिकाटीनें लोकांच्या गळीं उतरविला, तितका क्वचितच दुसऱ्या कोणी उतरविला असेल.

१९६६ च्या अखेरीस आरमारानें त्यांस वयोमानामुळें निवृत्त केलें. पण निरनिराळ्या यंत्रांवरील कोबोलमध्यें एकवाक्यता आणण्याचें काम अडल्यामुळें १९६७ मध्यें सहा महिन्यांसाठीं परत बोलावलें. ते सहा महिने जवळजवळ एकोणीस वर्षें लांबले. १९७३ मध्यें त्या कॅप्टन झाल्या, १९८३ मध्यें कमोडोर झाल्या, आणि १९८५ मध्यें पणजोबांप्रमाणें रिअर ॲडमिरल झाल्या. व्याख्यानांत त्या श्रोत्यांस सुमारें ३० सेंटिमीटर लांबीच्या तारेचे तुकडे वाटीत. एका सेकंदाच्या शंभर कोटीव्या भागांत प्रकाश किंवा वीज यापेक्षां अधिक दूर जाऊं शकत नाहीं, हें त्या तुकड्यावरून बालकासही कळे. त्यांच्या कचेरींत उलट दिशेनें फिरणारें एक घड्याळ होतें. चालत आलेली रीत हीच एकमेव रीत नव्हे, हें तें पाहणारास दाखवी. १४ ऑगस्ट १९८६ रोजीं, वयाच्या एकोणऐंशीव्या वर्षीं, बोस्टन येथें कॉन्स्टिट्यूशन या जुन्या युद्धनौकेवर त्यांचा निवृत्ति-समारंभ झाला. १ जानेवारी १९९२ रोजीं त्यांचें देहावसान झालें, व आर्लिंग्टन येथील राष्ट्रीय दफनभूमींत त्यांस लष्करी सन्मानानें मूठमाती देण्यांत आली. अमेरिकन आरमाराच्या एका विनाशिकेस त्यांचें नांव देण्यांत आलें असून, २०१६ मध्यें मरणोत्तर राष्ट्राध्यक्षांचें स्वातंत्र्य-पदकही त्यांस अर्पण करण्यांत आलें.

बाईंनीं लाविलेलें रोप आज केवढें वाढलें आहे, याचें एकच उदाहरण देतों. इ. स. २००० मध्यें अमेरिकेंतील इलिनॉय विद्यापीठांत ख्रिस लॅटनर व विक्रम आडवे यांनीं एल्. एल्. व्ही. एम्. नांवाचें कार्य आरंभिलें. संकलक घडविणारास लागणाऱ्या साधनांचा हा एक तयार संग्रहच आहे, आणि तो सर्वांस खुला आहे. नवी भाषा घडविणारानें आपली आज्ञावली या संग्रहाच्या मधल्या भाषेंत उतरवून द्यावी; तिची सफाई करून निरनिराळ्या यंत्रांच्या भाषेंत तिचें रूपांतर करण्याचें अत्यंत कष्टाचें काम हा संग्रह करतो. आमच्या शाळांतून शिकविली जाणारी पायथन ही सुलभ भाषा वापरूनही त्यास हांक मारतां येते. प्रथम एक रिकामें प्रकरण उघडावयाचें. त्यांत कार्याचें नांव, त्यास मिळणाऱ्या संख्या आणि त्यांचे प्रकार लिहावयाचे. मग बेरीज करावी, उत्तर परत द्यावें, अशा आज्ञा एकामागून एक जोडावयाच्या. रचना शुद्ध आहे कीं नाहीं हें तपासून घेतलें, कीं संग्रह तिचें यंत्रभाषेंत रूपांतर करून तिचा स्मृतींतील पत्ता देतो, आणि पायथनमधून तें कार्य चालवितां येतें. मात्र संख्यांचे प्रकार अचूक सांगावे लागतात. तेथें हयगय झाली तर पायथन नेहमींसारखी सौम्य सूचना देत नाहीं, सारें कामच एकदम कोसळतें. सोय वाढली तरी जबाबदारी सुटत नाहीं. मोठमोठ्या संस्थांतील तज्ज्ञांनीं वर्षानुवर्षें केलेले श्रम, असे एका विद्यार्थ्याच्या चार ओळींच्या हांकेस ओ देतात. क्रमांक सांगावा आणि फितीवरून सिद्ध आज्ञावली यावी, या १९५२ च्या कल्पनेचाच हा विस्तार होय.

शुभवर्तमानांतील त्या चाकराचा दाखला आमच्या विद्यार्थ्यांस ठाऊकच आहे, ज्यानें धन्याचें द्रव्य भीतीनें जमिनींत पुरून ठेविलें. हॉपरबाईंनीं आपलें द्रव्य पुरलें नाहीं. व्यवहारांत घातलें, आणि दुसऱ्यांसही त्यांत भर घालावयास बोलाविलें. वर्गांत एखादें अवघड गणित ज्यास प्रथम सुटलें, त्यानें वही झांकून घ्यावी कीं शेजाऱ्यास रीत समजावून सांगावी, हा प्रश्न लहान दिसतो. परंतु त्याच्या उत्तरावर पुढें शाळेचें, समाजाचें आणि शास्त्राचेंही भवितव्य ठरत असतें. आमचे विद्यार्थी वही उघडी ठेवतील, आणि ती शेजाऱ्यास वाचतां येईल इतक्या स्वच्छ अक्षरांत लिहितील, अशी आम्ही आशा बाळगतों.